ब्रिटिश मोटारी : इंजिनांच्या अंगाने

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची प्रतवारी त्यांच्या जन्मसालावरून होते. १९०४ अखेरपर्यंत बनलेली गाडी ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ मधली ‘एडवर्डियन’ आणि १९१९ ते १९३० मधली ‘व्हिंटेज’. पुढच्या गाड्यांसाठी ‘क्लासिक’ हा सैलसर शब्द रूढ आहे. उत्पादन थांबून बराच काळ लोटला तरी जिला चालती ठेवायला माणसे तयार आहेत, अशी कोणतीही गाडी त्यात बसते. कायद्याची व्याख्या याहून काटेकोर आहे : चाळीस वर्षे पूर्ण झालेली गाडी ब्रिटनमध्ये ऐतिहासिक ठरते आणि तिचा वाहनकर माफ होतो. या ग्रंथाचा भर पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून १९८० पर्यंतच्या गाड्यांवर आहे. या साठ वर्षांत ब्रिटिश मोटारधंदा वाढला, जगभर पसरला आणि मोडकळीला आला.

या गाड्यांवरची बहुतेक पुस्तके कंपनीवार लिहिलेली असतात. एकात जॅग्वार, दुसऱ्यात एमजी, तिसऱ्यात ट्रायम्फ. ही मांडणी सोयीची असली तरी तिच्यात एक गोष्ट निसटते. ब्रिटनमध्ये इंजिने कंपन्यांच्या कुंपणात राहिली नाहीत. स्टँडर्ड कंपनीने युद्धानंतर व्हँगार्ड या साध्या कुटुंबगाडीसाठी बनवलेले चार सिलिंडरचे इंजिन मॉर्गन प्लस फोरमध्ये बसले, थोडे लहान होऊन ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स मोटारीत गेले, आणि त्याच घराण्यातले इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही लागले. शेत नांगरणाऱ्या यंत्राचे आणि शर्यतीत उतरणाऱ्या गाडीचे इंजिन नात्यातले निघते, तेव्हा बोनेटवरच्या नावापेक्षा बोनेटखालच्या वंशावळीतून जास्त हाती लागते. म्हणून या ग्रंथाने इंजिन हाच धागा धरला आहे.

त्या धाग्याची सुरुवात सायकलींच्या कारखान्यांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोव्हेंट्री हे सायकलधंद्याचे मोठे केंद्र होते. रोव्हर, हंबर, सिंगर, रायली, ट्रायम्फ ही पुढे मोटारींशी जोडली गेलेली नावे मुळात सायकलवाल्यांची. बारीक नळ्या, बेअरिंगे आणि लहान यंत्रभाग नेमकेपणाने घडवणारे कारागीर तिथे आयतेच होते. १८९६ मध्ये कायदा बदलून रस्त्यावरच्या मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेण्यात आली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारमालकांनी लंडनहून ब्रायटनला गाड्या नेल्या. १९०७ मध्ये सरेमधल्या ब्रुकलंड्स येथे मोटारींसाठीच बांधलेली शर्यतीची धावपट्टी सुरू झाली. त्याच वर्षी रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ने रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा हजार मैलांची कसोटी पार केली. तिचे सहा सिलिंडरचे, सात लिटरचे इंजिन रचनेने क्रांतिकारक नव्हते. त्याची ख्याती होती ती घडणावळीतल्या काटेकोरपणाची आणि त्यातून आलेल्या शांततेची. आवाज आणि थरथर यांवर मात करणे हेच ध्येय मानणारी ब्रिटिश इंजिनकलेची पहिली धारा इथून निघाली.

दुसरी धारा निघाली ती करखात्यातून. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर लागू झाला. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजली जात नसे, ती एका सूत्राने काढत : सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. दट्ट्या किती लांब धावतो, म्हणजे स्ट्रोक किती, याला या हिशेबात जागाच नव्हती. साहजिकच अभियंत्यांनी व्यास अरुंद ठेवला आणि स्ट्रोक वाढवला. कर तेवढाच राही आणि इंजिन मोठे होई.

हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ मध्ये लोकांसमोर आणलेली ऑस्टिन सेव्हन या हिशेबाचा नमुना आहे. स्टॅन्ली एज हा जेमतेम अठरा वर्षांचा आरेखक तिच्या आराखड्यात त्यांचा मदतनीस होता. तिच्या ७४७ सीसीच्या इंजिनाचा सिलिंडर २.२ इंच व्यासाचा आणि स्ट्रोक ३ इंचांचा. २.२ चा वर्ग ४.८४, त्याला चाराने गुणून अडीचने भागले की ७.७४ येतात. कागदावर पावणेआठ अश्वशक्तीची ही गाडी प्रत्यक्षात दहाच्या आसपास देत असे. मोटारसायकलला जोडखुर्ची लावून बायकामुलांना फिरवणाऱ्या ब्रिटिश मध्यमवर्गाला ती परवडू लागली. जर्मनीत तिचा परवाना घेऊन बनलेली डिक्सी ही पुढे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ठरली.

या कराने ब्रिटिश इंजिनाला एक ठरावीक स्वभाव दिला. अरुंद आणि लांब सिलिंडरचे इंजिन कमी फेऱ्यांत चांगली ओढ देते. चढावर वारंवार गियर बदलावा लागत नाही. पण दट्ट्याला दर फेरीत लांबचा पल्ला गाठावा लागत असल्याने फेऱ्या वाढवल्या की झीज आणि ताण झपाट्याने वाढतात. शिवाय अरुंद सिलिंडरच्या डोक्यावर मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा राहत नाही, म्हणून श्वास अपुरा पडतो. इंग्लंडच्या वळणावळणाच्या, कमी वेगाच्या रस्त्यांवर हे इंजिन शोभून दिसे. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या लांब सरळ रस्त्यांवर ते धापा टाकी.

या चौकटीतून वाट काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून दोन महायुद्धांमधली विविधता आली. स्वस्त गाड्यांत साइड-व्हॉल्व्ह रचना राहिली : व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, बनवायला सोपे, दुरुस्तीला त्याहून सोपे. १९२६ च्या रायली नाइनमध्ये दोन कॅमशाफ्ट ब्लॉकच्या वरच्या अंगाला बसवून आखूड पुशरॉडने कलते व्हॉल्व्ह हलवले होते, त्यामुळे अर्धगोल ज्वलनकक्षाचा लाभ ओव्हरहेड कॅमशिवाय मिळे. डेमलरने नळीसारख्या सरकत्या स्लीव्हची इंजिने वापरली. ती शांत चालत, पण तेल पीत. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये काढलेल्या कंपनीच्या तीन लिटरच्या इंजिनात ८० मिलिमीटर व्यासाला १४९ मिलिमीटर स्ट्रोक होता. वर कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे बेंटलीने ले मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि १९३१ मध्ये ही कंपनी रोल्स-रॉइसच्या पदरात पडली. शर्यती जिंकल्या म्हणून धंदा टिकतोच असे नाही, हा ब्रिटिश मोटारींच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येणारा धडा तेव्हाच मिळाला होता.

याच काळात बर्मिंगहॅम, कोव्हेंट्री आणि ऑक्सफर्डच्या परिसरात सुट्या भागांच्या पुरवठादारांचे दाट जाळे तयार झाले. विजेची सामग्री लुकासची, कार्बोरेटर आणि पेट्रोलपंप एसयूचे, घड्याळे-मीटर स्मिथ्सचे, ब्रेक लॉकहीड किंवा गर्लिंगचे, टायर डनलॉपचे. लहानातला लहान कारखानाही हे भाग विकत घेऊन आणि कोणाचे तरी इंजिन बसवून गाडी बाजारात आणू शके. ब्रिटनमध्ये मोटार बनवणाऱ्यांची संख्या एवढी फुगली त्याचे एक कारण हे जाळे. आजच्या शौकिनाचे कामही त्यानेच सोपे केले आहे, कारण एकच भाग डझनभर गाड्यांना चालतो आणि मागणी असल्याने तो आजही बनतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता. सरकारने पोलादाचा कोटा निर्यातीशी बांधला. जो कारखाना परदेशी चलन आणेल त्याला पोलाद. १९५० मध्ये ब्रिटन हा जगातला सर्वांत मोठा मोटार निर्यातदार देश होता. अश्वशक्तीवरचा जुना करही याच सुमारास गेला आणि १९४८ पासून सर्व मोटारींना सरसकट दहा पौंड कर लागू झाला. इंजिनांचे आकार मात्र लगेच बदलले नाहीत. ब्लॉक कोरणारी यंत्रे, ओतकामाचे साचे आणि अभियंत्यांच्या सवयी जुन्याच होत्या. कर गेल्यावर दहा वर्षांनीही लांब स्ट्रोकची इंजिने बनत होती.

त्यांतले सर्वांत नामांकित म्हणजे जॅग्वारचे एक्सके. युद्धकाळात कोव्हेंट्रीच्या कारखान्यावर रात्री आगीचा पहारा देताना जॅग्वारचे विल्यम लायन्स, विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांच्यात त्याच्या गप्पा रंगत. सिलिंडर हेडसाठी हवेच्या प्रवाहाचे जाणकार हॅरी वेस्लेक यांची मदत झाली. सहा सिलिंडर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, ३,४४२ सीसी, १६० अश्वशक्ती. असे इंजिन तोवर शर्यतीच्या किंवा अतिमहागड्या गाड्यांतच दिसे. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात एक्सके-१२० या गाडीतून ते लोकांपुढे आले. व्यास ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०६, म्हणजे ठेवण जुन्याच वळणाची. या इंजिनाच्या बळावर जॅग्वारने १९५१ ते १९५७ दरम्यान ले मॉं पाच वेळा जिंकली. १९६१ च्या ई-टाइपमध्ये, सालस सलून गाड्यांत, ब्रिटिश लष्कराच्या हलक्या चिलखती गाड्यांत आणि राजेशाही समारंभांच्या डेमलर लिमोझिनमध्ये तेच राहिले. शेवटची डेमलर १९९२ मध्ये बाहेर पडली, तेव्हा या आराखड्याने चाळिशी केव्हाच ओलांडली होती.

याच्या अगदी उलट टोकाला फोर्ड अँग्लिया १०५-ई या १९५९ च्या साध्या गाडीचे इंजिन आहे. व्यास सुमारे ८१ मिलिमीटर आणि स्ट्रोक जेमतेम ४८. करसूत्राच्या सावलीतून पूर्णपणे बाहेर आलेले हे स्वस्त इंजिन. रुंद सिलिंडरमुळे मोठे व्हॉल्व्ह आणि आखूड स्ट्रोकमुळे भरपूर फेऱ्या, म्हणून शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांनी ते उचलून धरले. कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन यांच्या कॉसवर्थ कंपनीने आपला जम याच इंजिनावर बसवला. १९६७ मध्ये तिच्या तीन लिटरच्या डीएफव्ही इंजिनाने पहिल्याच ग्रां प्रीत, झांडफोर्टला, जिम क्लार्कच्या लोटसमधून विजय मिळवला. पुढे फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती त्याच्या नावावर लागल्या.

घरोघरी पोचलेले इंजिन मात्र वेगळेच होते. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिसचा नफील्ड समूह एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. ऑस्टिन ए-३० साठी १९५१ मध्ये आलेले ८०३ सीसीचे ए-सिरीज इंजिन या नव्या घरात सर्वांच्या वाट्याला आले. मॉरिस मायनर, ऑस्टिन-हीली स्प्राइट, मिनी, एमजी मिजेट, सगळीकडे तेच. त्याच्या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडर एकाच आत-नळीतून श्वास घेतात आणि मधल्या दोघांचा धूर एकाच वाटेने जातो. चार सिलिंडरना आठऐवजी पाचच वाटा. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड ट्यूनिंग करणाऱ्यांना अर्धे शतक डोकेदुखी देत आली आणि कामही. ८०३ वरून १,२७५ सीसीपर्यंत वाढलेले हे घराणे २००० साली मिनीबरोबरच संपले.

मोटारींचे आराखडे करणारे अॅलेक इसिगोनिस यांच्या दोन गाड्या या काळाच्या खुणा आहेत. १९४८ च्या मॉरिस मायनरचा नमुना जवळपास तयार झाल्यावर त्यांना तो अरुंद वाटला. त्यांनी तो मधोमध उभा कापून घेतला, दोन अर्धुके दूर सरकवली आणि नजरेला पटेपर्यंत अंतर वाढवत नेले. शेवटी गाडी चार इंचांनी रुंद झाली. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर त्याआधीच बनून पडले होते, म्हणून तेही मधोमध कापून जोडपट्टी लावावी लागली. बोनेटच्या मध्यावरचा सपाट पट्टा त्या निर्णयाची कायमची खूण आहे. मायनर ही दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. दुसरी गाडी मिनी. १९५६ च्या सुएझ पेचात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि काटकसरी गाडीची निकड भासली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी आलेल्या मिनीत इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटात तेलाच्या कुंडीत घातला होता. दहा फूट लांबीत चार माणसे आणि सामान मावले. पहिल्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर समोरच्या जाळीला तोंड करून असल्याने पावसात स्पार्क बसे, आणि मालक त्यावर प्लास्टिकची पिशवी किंवा रबरी हातमोजा चढवत. त्याच गाडीच्या कूपर आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली.

जगाच्या मनात ब्रिटिश मोटारीची प्रतिमा मात्र उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीची आहे. १९४५ ते १९४९ दरम्यान ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनला एमजी टीसीच्या सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. अमेरिकेत त्यांतल्या थोड्याच पोचल्या, पण तिथल्या स्पोर्ट्स मोटारींच्या वेडाला त्यांनीच चूड लावली. मग ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ टीआर आणि एमजीए आल्या. १९६२ ते १९८० दरम्यान बनलेली एमजीबी पाच लाखांच्या पुढे गेली. या गाड्यांची इंजिने क्वचितच खास होती. कुटुंबगाडीचेच इंजिन, दोन कार्बोरेटर आणि थोडा तिखट कॅमशाफ्ट. गंमत महाग यंत्रात नसून हलक्या सांगाड्यात आणि चालकाच्या हातात आहे, असे मानणारी ही धारा.

लोटसचे कॉलिन चॅपमन यांनी हा विचार टोकाला नेला. त्यांची १९४८ मधली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच बांधलेली होती. त्या काळी पूर्ण तयार मोटारीवर खरेदीकर लागे आणि सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. त्यामुळे लोटस सेव्हनसारख्या गाड्या खोक्यांतून विकल्या गेल्या आणि हजारो तरुण घराच्या गॅरेजात पाने घेऊन बसले. कर पुन्हा एकदा रचनेवर उमटला होता. इंजिनांसाठी अशा हलक्या गाड्या बांधणाऱ्या मंडळींना कोव्हेंट्री क्लायमॅक्स ही कंपनी सापडली. आग विझवण्याचा पंप दोन माणसांना उचलता यावा म्हणून तिने १९५० च्या सुमारास हलके अॅल्युमिनियमचे इंजिन बनवले होते. तेच वाढत वाढत शर्यतीत गेले. कूपर गाडीतून जॅक ब्रॅबम यांनी १९५९ आणि १९६० चे विश्वविजेतेपद मिळवले ते क्लायमॅक्सच्या इंजिनावर, आणि हिलमन इम्प या लहान मोटारीचे इंजिनही त्याच वंशातले.

साठच्या दशकात मोठी इंजिने आली. रोव्हरने अमेरिकेत जनरल मोटर्सने सोडून दिलेल्या अॅल्युमिनियम व्ही-८ चे हक्क घेतले आणि १९६७ पासून साडेतीन लिटरचे ते इंजिन स्वतःच्या गाड्यांत घातले. रेंज रोव्हर, मॉर्गन प्लस एट, एमजीबीची व्ही-८ आवृत्ती आणि पुढे टीव्हीआर अशी त्याची भ्रमंती झाली. जॅग्वारचे व्ही-१२ १९७१ मध्ये आले. अॅस्टन मार्टिनसाठी टाडेक मारेक यांनी रचलेले सहा सिलिंडरचे इंजिन डीबी-५ या गाडीमुळे चित्रपटरसिकांनाही ठाऊक झाले. तोवर धंद्याचे दिवस फिरले होते. १९६८ मध्ये बहुतेक कंपन्या ब्रिटिश लेलँडच्या एका छत्राखाली आल्या. एकमेकांशी स्पर्धा करणारी मॉडेले, जुनाट यंत्रसामग्री, संप आणि निकृष्ट जुळणी यांनी ती पोखरली. १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. अमेरिकेच्या धूर आणि सुरक्षेच्या नियमांनी स्पोर्ट्स मोटारींची ताकद घटवली आणि एमजीबीला काळे रबरी बंपर चढवले. १९८० मध्ये अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला.

जुन्या गाड्या जपण्याची चळवळ मात्र याआधीपासूनची. लंडन-ब्रायटन दौड १९२७ पासून स्मरणयात्रा म्हणून पुन्हा निघू लागली आणि त्यातून १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. १९३४ चा व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब हा नव्या गाड्यांच्या भपक्यावरची प्रतिक्रिया होता, तर १९३९ च्या ७५० मोटर क्लबने ऑस्टिन सेव्हनवर स्वस्तात शर्यती खेळण्याची वाट दाखवली. १९५२ मध्ये ब्यूली येथे लॉर्ड माँटेग्यू यांनी मोटारसंग्रहालय सुरू केले. पुढच्याच वर्षी ‘जेनेव्हीव्ह’ या विनोदी चित्रपटाने ब्रायटनची दौड लोकप्रिय केली. कारखाने बंद पडू लागल्यावर मूळ साचे आणि हत्यारे शोधून भाग पुन्हा बनवण्याचे काम उभे राहिले. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा बाजारात आणला. उत्पादन थांबून आठ वर्षे झालेल्या गाडीचा नवा कोरा देह मिळू लागला.

यातूनच शौकिनांत पंथ पडले. जतनवादी गाडीला शक्यतो हात लावत नाहीत. उडालेला रंग आणि झिजलेले चामडे हाही त्यांच्या लेखी पुरावा असतो. पुनर्बांधणीवाले गाडी शोरूममधून निघाली तशी करू पाहतात आणि इंजिन-क्रमांक चासीशी जुळतो की नाही यावर वाद घालतात. सुधारणावादी पाच गतींचा गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून तिला रोजच्या वाहतुकीत आणतात. चौथे शर्यतवाले, त्यांना गाडी आपल्या मूळ कामाला लागलेली हवी. नव्या सांगाड्यात जुने इंजिन घातलेली गाडी जुनी की नवी, या प्रश्नावर प्रत्येक पंथाचे उत्तर वेगळे येते, आणि नोंदणी, किंमत, शर्यतीतला प्रवेश अशा व्यवहारी बाबी त्या उत्तरावर अवलंबून असतात.

पंथ कोणताही असो, सगळे भेटतात ते कामाच्या बाकावर. एसयू कार्बोरेटर घ्या. त्यात हवेच्या वाटेवर एक दट्ट्या तरंगतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलच्या तोटीत वरखाली होते. इंजिन जितके ओढेल तितका दट्ट्या वर जातो, तोटीत सुईचा बारीक भाग येतो आणि पेट्रोल वाढते. दट्ट्यावरच्या नळीतले तेल त्याची उडी मंदावते, त्यामुळे एकदम पाय दाबला की मिश्रण क्षणभर दाट होते. मिश्रण तपासायला यंत्र लागत नाही. आयडलिंगवर खालच्या पिनने दट्ट्या केसभर उचलायचा आणि ऐकायचे. फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर मिश्रण दाट, इंजिन अडखळून बसू लागले तर पातळ, क्षणभर वाढून पूर्ववत झाल्या तर बरोबर. तोटीखालचा षटकोनी नट एकेक पैलू फिरवत ही अवस्था गाठायची, दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींची.

आट्यांची कथा याहून चक्रावणारी आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, आणि त्यांच्यावरचा आकडा डोक्याची रुंदी न सांगता बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. पन्नासच्या दशकात अमेरिकेशी जुळणारे नवे आटे आले, म्हणून त्या सुमाराच्या गाडीत दोन्ही प्रकार सापडतात. एमजी टीसीच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थची. कारण १९२३ मध्ये मॉरिसने कोव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना यंत्रांसकट घेतला होता. फ्रेंच यंत्रे मेट्रिक आटे पाडत आणि इंग्रज मिस्त्रींच्या पेटीत इंग्रजी पाने होते, म्हणून ही तडजोड झाली. हे न कळता साधा बोल्ट आवळणारा ब्लॉकमधले आटे घालवून बसतो.

भारतीय वाचकाला या घराण्यातली एक गाडी चांगली ओळखीची आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनलेली अॅम्बेसेडर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत निघत राहिली. तिला बसवलेले १,४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन आणि पहिल्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन एकाच घराण्यातले. मुंबई-पुण्याच्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात तिचे टॅपेट लावणाऱ्या मिस्त्रीला अॅबिंग्डनची इंजिने परकी वाटली नसती. चेन्नईत ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनली, आणि अशोक लेलँडची सुरुवातही ऑस्टिन गाड्या जुळवणाऱ्या अशोक मोटर्समधून झाली. २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही नाममुद्रा टाटा मोटर्सने घेतल्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यामुळे अशा गाड्यांना कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले, मात्र रोजच्या वापराची मुभा त्यात नाही.

हा विषय आत्ताच हाती घेण्याला कारणे आहेत. पहिले इंधनाचे. ब्रिटनमध्ये २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देई, ते गेल्यावर जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागल्या. आता पेट्रोलमधले इथेनॉल वाढते आहे, ब्रिटनमध्ये दहा टक्के, भारतात वीस टक्के. जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केटे त्यात फुगतात, इथेनॉल पाणी शोषत असल्याने टाकी गंजते. त्यावरचे उपाय माहीत आहेत, पण ते गाडीगणिक करावे लागतात. दुसरे कारण विजेच्या मोटारींचे. जुन्या गाडीतून इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवण्याचा व्यवसाय ब्रिटनमध्ये रुजला आहे. गाडी वापरात राहते असे त्याचे समर्थक म्हणतात, तर इंजिन गेले की ऐतिहासिक मूल्य गेले असे विरोधक म्हणतात. तिसरे आणि सर्वांत निकडीचे कारण माणसांचे. बेअरिंगला पांढरा धातू ओतणारे, इंजिनातला बिघाड कानाने ओळखणारे, पत्रा हाताने वळवणारे कारागीर कमी होत आहेत. भाग पुन्हा बनवता येतो. तो बसवण्याचे कसब मात्र गुरूच्या शेजारी उभे राहूनच येते, आणि हे शिकणे थांबले तर गाड्या संग्रहालयात उरतील, रस्त्यावर नाही.

या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन या इतिहासातून निघते. ब्रिटिश इंजिनांचे आकार एकट्या अभियंत्यांच्या प्रतिभेने ठरले नाहीत. करसूत्र, पोलादाचा कोटा, खरेदीकर, विकत घेतलेल्या कारखान्यातली यंत्रे आणि अमेरिकी ग्राहक यांनी ते घडवले. म्हणून प्रत्येक इंजिनाचा विचार इथे दोन अंगांनी केला आहे : ते असे का झाले आणि ते चालते कसे ठेवायचे. पहिल्या प्रश्नाला इतिहास आणि अर्थकारण लागते, दुसऱ्याला पाना आणि फिलर गेज. इंजिनाची कुळकथा माहीत असली की त्याचा कमकुवत सांधा कुठे असेल याचा अंदाज येतो, हा दोन्हींना जोडणारा दुवा.

इंजिनांच्या आराखड्यांची मापे आणि त्यांचे परिणाम समजून घेण्यासाठी अभियांत्रिकीचे पूर्वज्ञान लागणार नाही, अशी मांडणी ठेवली आहे. मराठी गॅरेजात चालणारे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत. टॅपेट, गॅस्केट, हेड, प्लग यांना ओढूनताणून प्रतिशब्द दिलेले नाहीत. मोटारसायकली, मालमोटारी आणि बसगाड्या हे स्वतंत्र विषय असल्याने त्या वगळल्या आहेत. बाजारातल्या किमतींची चर्चा नाही, कारण त्या पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने कालक्रमाने वाचावे. ज्याच्याकडे आधीच एखादी गाडी आहे त्याने तिच्या इंजिनाचे घराणे शोधून तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.